मांडवी सोडण्याचा खरा हिशेब

"कर्ज तर डोक्यावर आहेच, मग त्यातून निदान स्वतःचं घर तरी होऊ दे." बडोद्याच्या जुन्या शहरातल्या मराठी घरांत हे वाक्य आता इतकं रुळलंय की त्याला कुणी अडवत नाही. त्यामागचा बेतही ठरलेला असतो. मांडवीच्या आसपासच्या एखाद्या पोळेतल्या (जुन्या गल्लीतल्या) घरातला आपला हिस्सा विकायचा किंवा भावांच्या हवाली करायचा, आणि वाघोडिया रोड, भायली, कलाली किंवा सेवासीकडे दोन बेडरूमचा फ्लॅट घ्यायचा. हप्ता भाड्याइतकाच बसेल, जुनी देणी हळूहळू फिटतील, जागेचा भाव वाढेल, प्राप्तिकरात सूट मिळेल, मुलांना मोकळी हवा मिळेल, असं सगळं त्यात धरलेलं असतं. सांगणारे आपल्या भल्यासाठीच सांगतात, याबद्दल मला शंका नाही. पण यातलं जवळजवळ प्रत्येक विधान तपासलं की डळमळतं, आणि ज्याच्यावर आधीच कर्ज आहे त्याच्या बाबतीत तर ते उलटं पडतं. मांडवी हे मी उदाहरण म्हणून घेतलं आहे. पण दांडिया बाजार, रावपुरा, वाडी, मदनझांपा या भागांतल्या कुटुंबांनाही हा हिशेब थोड्याफार फरकाने लागू आहे.

माझं म्हणणं असं आहे. कर्जदाराचं संरक्षण त्याच्या मालमत्तेत नसतं, त्याचा बांधील खर्च लहान असण्यात असतं. दर महिन्याला काहीही झालं तरी द्यावीच लागते ती रक्कम जितकी कमी, तितका तो आजारपण, नोकरीतली खोट किंवा एखादं लग्नकार्य पेलू शकतो. जुन्या शहरातल्या घराचा मोठा गुण हा की तिथले बहुतेक खर्च आवळता येतात. पगार अडला तर महिनाभर खरेदी थांबवता येते, चालत जाता येतं, दुकानदाराला चार दिवस थांब म्हणता येतं. उपनगरातला फ्लॅट हेच आवळता येणारे खर्च एकेक करून बांधील करून टाकतो. बँकेचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, दोन गाड्यांचं पेट्रोल, शाळेची व्हॅन, या कशालाही पुढच्या महिन्यात बघू असं म्हणता येत नाही. म्हणून फ्लॅट किती लाखांचा, या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा: तिथे गेल्यावर माझ्या पगारातला किती भाग माझ्या हातात उरणार नाही?

मांडवीत राहणं म्हणजे काय, हे त्यासाठी नीट पाहावं लागेल, आणि मी इथे भावनेबद्दल बोलत नाही. पाणीगेट, लहरीपुरा, चांपानेर आणि गेंडीगेट या चार दरवाजांच्या बरोबर मधोमध मांडवीचा मंडप उभा आहे. तिथून मंगळ बाजार आणि नवा बाजार पायी काही मिनिटांवर, घडियाळी पोळेतले सराफ त्याहून जवळ. जमनाबाई रुग्णालय याच भागात आहे. सयाजीराव महाराजांनी 1910 साली सुरू केलेलं मध्यवर्ती ग्रंथालय बँक रोडवर आहे. 1908 साली निघालेल्या बँक ऑफ बडोदाचं जुनं मुख्य कार्यालय मांडवीतच होतं. खंडेराव मार्केटची भाजी आणि सयाजीराव रुग्णालय थोडक्या रिक्षाभाड्यात गाठता येतात. या जवळपणाला घराच्या किमतीत कुणी धरत नाही, कारण तो बिलावर छापून येत नाही. पण ज्या घरात वाहनाविना दिवस निभतो, त्या घराला दर महिन्याला काही हजार रुपयांचं न दिसणारं उत्पन्न मिळत असतं. त्यात घरातल्या बाईची कमाई वेगळीच. मंगळ बाजारातल्या दुकानांसाठी फॉल-पिको आणि ब्लाउज, शेजारच्या पोळेतल्या एकट्या म्हाताऱ्यांचे डबे, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी, संध्याकाळच्या शिकवण्या ही सगळी मिळकत ओळखीवर आणि जवळपणावर उभी असते. दहा किलोमीटर लांब, जिथे कुणी कुणाला ओळखत नाही तिथे गेल्यावर ती पहिल्या महिन्यातच थांबते, आणि पुन्हा उभी राहायला वर्षं जातात. कर्जाचा हप्ता मात्र पहिल्याच महिन्यापासून सुरू होतो.

आता आकडे मांडू. समजण्यासाठी एक काल्पनिक कुटुंब घेऊ. नवराबायकोची मिळून मिळकत महिना 50,000 रुपये. राहायला वडिलोपार्जित घरातला हिस्सा. तीन लाखांचं व्यक्तिगत कर्ज, 14 टक्क्यांनी, पाच वर्षांचं; त्याचा हप्ता 6,980 रुपये. हे कुटुंब 28 लाखांचा फ्लॅट घ्यायचं ठरवतं. 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत रक्कम देऊ शकते, म्हणून 25 लाख मंजूर होतात आणि उरलेले तीन लाख स्वतःचे घालायचे असतात. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी, अगदी छोटी घरं सोडली तर, घराच्या किमतीत धरायची नसते. गुजरातमध्ये मुद्रांक शुल्क 4.9 टक्के, म्हणजे 1,37,200 रुपये. नोंदणी फी आणखी एक टक्का. दस्तावेज फक्त स्त्रीच्या नावाने झाला तरच ती माफ होते. बांधकाम चालू असेल तर परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणाऱ्या फ्लॅटवर एक टक्का आणि त्याबाहेरच्यावर पाच टक्के जीएसटी. त्यानंतर सोसायटीचं डिपॉझिट, वीज मीटर, वकील, आणि मग जाळ्या, कपाटं, स्वयंपाकघराची मांडणी, पाण्याचं मशीन. प्रत्यक्ष राहायला जाईपर्यंत गृहकर्जाबाहेरची गरज साडेपाच-सहा लाखांवर सहज जाते. हे पैसे येतात कुठून? हिस्सा विकून आले नसतील तर सोनं गहाण ठेवून, भविष्यनिर्वाह निधी काढून, किंवा आणखी एका व्यक्तिगत कर्जातून. स्वस्त गृहकर्ज आपल्यासोबत महागडं कर्ज ओढून आणतं ते इथे. कर्ज फेडण्यासाठी निघालेलं कुटुंब घराच्या उंबरठ्यावर पोहोचेपर्यंत त्याच्या सर्वांत महाग व्याजाच्या कर्जात भर पडलेली असते.

दरमहाचा हिशेब पाहू. 25 लाखांवर 20 वर्षांसाठी साडेआठ टक्के धरले तर हप्ता सुमारे 21,700 रुपये. जुना हप्ता मिळवला की 28,680. म्हणजे पगाराचे 57 टक्के. पुष्कळ ठिकाणी हे प्रमाण चालवून घेतलं जातं, कारण कर्ज देणारा मोजतो ते त्याला परतफेड होईल की नाही एवढंच. माणूस कामावर कसा जाणार, याची चौकशी कर्जाच्या अर्जात नसते. भायली किंवा वाघोडिया रोडहून जुन्या शहरात रोज येऊन-जाऊन वीस किलोमीटर धरले, महिन्याचे पंचवीस दिवस, तर एका स्कूटरला पाचशे किलोमीटर होतात. लिटरला 45 किलोमीटर मिळाले तर महिन्याला अकरा लिटर, साधारण एक हजार पन्नास रुपये. दोघं कमावते असतील तर दुप्पट, आणि दुसरी स्कूटर घेण्याचा हप्ता अजून धरलेलाच नाही. मेंटेनन्स दीड हजार, शाळेची व्हॅन दीड हजार असं माफक धरलं तरी बांधील खर्च 33,700 च्या पुढे जातो, म्हणजे पगाराच्या दोन तृतीयांशावर. मांडवीत असताना हाच आकडा सात हजारांच्या आत होता. उरलेल्या सोळा हजारांत चौघांचं खाणं, वीज, औषधं, फी, सणवार. त्यात एखादा महिना वाकडा गेला की क्रेडिट कार्ड पुढे येतं. त्यावरचं व्याज वर्षाला 36 ते 42 टक्क्यांच्या घरात असतं.

हा हप्ता कायम राहील असंही कुणी समजू नये. ऑक्टोबर 2019 पासून बँकांची नवी तरत्या व्याजदराची गृहकर्जं बाहेरच्या मापदंडाशी, बहुतेक वेळा रेपो दराशी, जोडलेली असतात. 2021 मध्ये पावणेसात टक्क्यांच्या आसपास कर्ज मिळत होतं, कारण रेपो दर 4 टक्के होता. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या नऊ-दहा महिन्यांत तो साडेसहावर गेला. ज्याने 6.7 टक्क्यांनी 25 लाख घेतले त्याचा हप्ता सुमारे 18,900 होता. दर 9.2 झाल्यावर त्याच 25 लाखांवरचं नुसतं एका महिन्याचं व्याजच सुमारे 19,170 होतं. म्हणजे बँकेने हप्ता तोच ठेवला असता तर व्याजसुद्धा भागलं नसतं, मुद्दल कमी होणं तर दूरच. अनेक कर्जांची मुदत ग्राहकाच्या नकळत लांबत गेली, म्हणून तर ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की दर बदलताना ग्राहकाला स्पष्ट कळवा, आणि हप्ता वाढवायचा की मुदत, की ठराविक दराकडे वळायचं, हे त्याला निवडू द्या. 2025 मध्ये दर पुन्हा खाली आले, हे खरं. पण वीस वर्षांच्या कर्जात अशी चढउतार एकदाच होत नाही. ज्याच्या हातात महिन्याला दहा हजार मोकळे आहेत तो ती सोसतो. ज्याचा बांधील खर्चच दोन तृतीयांश आहे, त्याला हप्त्यातली चार हजारांची वाढ म्हणजे नवं कर्ज.

"पण भाडं तर वायाच जातं ना?" हा सर्वांत आवडता प्रतिप्रश्न, आणि मला तो सर्वांत कच्चा वाटतो. पहिली गोष्ट, वडिलोपार्जित हिश्शात राहणारा भाडं देतच नाही. दुसरी, भाडं वाया जातं तर व्याजही वायाच जातं. वर धरलेल्या कर्जाच्या पहिल्या हप्त्यात 21,700 पैकी 17,700 व्याज असतं, मुद्दल फक्त चार हजार. पहिल्या वर्षभरात 2,60,000 भरून कर्ज कमी होतं ते जेमतेम 50,000 ने. आपल्याकडे घराच्या किमतीच्या मानाने वार्षिक भाडं साधारण तीन-चार टक्के असतं, म्हणजे 28 लाखांच्या फ्लॅटला महिना सात ते नऊ हजार. तेव्हा वाया जाण्याचीच भाषा करायची तर व्याजात भाड्याच्या दुप्पट जातं. कुणाला खरंच तिकडे राहून पाहायचं असेल तर वर्षभर भाड्याने राहावं. प्रवास, पाणी, शाळा, एकटेपण सगळं कळेल, आणि नाही जमलं तर परतीचा रस्ता अकरा महिन्यांच्या करारापलीकडे नसेल.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: थांबलो तर भाव हाताबाहेर जातील. भाव वाढतात, हे मी नाकारत नाही. एप्रिल 2023 मध्ये गुजरात सरकारने जंत्रीचे, म्हणजे मालमत्तेच्या सरकारी मूल्यांचे, दर बरेच वाढवले, तेव्हा दस्तावेजाचा खर्चही अनेकांना वाढलेला दिसला. पण थांबणारा रिकामा बसत नाही, हेही हिशेबात घ्या. त्याच कुटुंबाने मांडवीतच राहून जुन्या कर्जात दरमहा आणखी दहा हजार भरले, तर पाच वर्षांचं कर्ज वीस महिन्यांत संपतं. ज्याला 21,700 चा नवा हप्ता झेपेल अशी खात्री वाटते, त्याला हे दहा हजार झेपायलाच हवेत. त्यानंतर तेच सतरा हजार तीन वर्षं आवर्ती ठेवीत टाकले तर व्याजासकट साडेसहा लाखांच्या वर जमतात. एकूण 56 महिने झाले, कर्ज शून्य आणि हातात पहिली रक्कम. या काळात फ्लॅटचा भाव वर्षाला 6 टक्क्यांनी वाढला असं धरलं तर 28 लाखांचे पावणेसदतीस लाख होतील, म्हणजे पावणेनऊ लाखांची वाढ. आणि ज्याने लगेच घेतला, त्याने याच 56 महिन्यांत नुसत्या व्याजापोटी सुमारे 9 लाख 40 हजार भरले. प्रवास आणि मेंटेनन्स त्याशिवाय. भावाची वाढ हातातून गेली म्हणून हळहळणाऱ्याने दुसऱ्या बाजूची ही रक्कम कधी लिहूनच पाहिलेली नसते. शिवाय 6 टक्के हे धरून चालण्याइतकं पक्कं नाही. भाव वाढतो तो मुख्यतः जमिनीचा, इमारत तर दरवर्षी जुनी होते. शहराच्या कडेला जमीन सतत मोकळी होत असते. 2020 मध्ये भायली, सेवासी, बिल, वेमाली, करोडिया, उंडेरा आणि वडदला ही सात गावं महापालिकेच्या हद्दीत आली. त्यापलीकडे नगररचनेच्या नव्या टीपी स्कीमा पडतच राहतात. दहा वर्षांनी आपला फ्लॅट विकायला काढला की शेजारीच नवा कोरा टॉवर उभा असतो, आणि गिऱ्हाईक साहजिकच तिकडे वळतं.

प्राप्तिकराची सूट हा मुद्दा तर कालबाह्यच झाला आहे. आता मूळ धरली जाते ती नवी करपद्धत, आणि तिच्यात स्वतः राहत्या घराच्या व्याजावर मिळणारी दोन लाखांची वजावट नाही. 2025-26 पासून नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर करच लागत नाही. महिना 50,000 मिळवणाऱ्याला जो कर द्यायचाच नाही, तो वाचवण्यासाठी दोन लाख दहा हजारांचं व्याज भरा, असं सांगणाऱ्याने हा सल्ला जुन्या डायरीतून काढलेला असतो. व्याजाच्या सरकारी अनुदानाचंही तसंच. प्रधानमंत्री आवास योजनेच्या सप्टेंबर 2024 पासूनच्या दुसऱ्या टप्प्यातलं व्याज-अनुदान ज्याच्या कुटुंबाचं देशात कुठेही पक्कं घर नाही त्याच्यासाठी आहे. वडिलोपार्जित घर सोडून जाणाऱ्याने ते गृहीत धरण्याआधी नियम वाचावेत.

जुनं घर विकून कर्ज फेडू, हा मार्ग दिसतो तेवढा सरळ नाही. पोळेतली घरं बहुधा चार-पाच वारसांच्या नावांवर असतात, एखादं नाव अजून आजोबांचंच असतं, आणि हक्कसोड मिळेपर्यंत वर्ष निघून जातं. शिवाय जुन्या शहरातल्या बऱ्याच भागांना 1991 चा अशांत धारा हा कायदा लागू आहे. तिथे विक्रीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. दरम्यान नव्या फ्लॅटचं बानाखत (साठेखत) झालेलं असतं आणि बिल्डरच्या तारखा थांबत नाहीत. मग मधल्या काळासाठी पुन्हा कर्ज. त्याहून महत्त्वाची गोष्ट घरविक्रीवरच्या करमाफीची, जिच्याबद्दल फार कमी लोक बोलतात. जुनं घर विकून झालेला भांडवली नफा नव्या घरात गुंतवला तर करमाफी मिळते. त्याच पैशातून व्यक्तिगत कर्ज फेडलं तर मिळत नाही. म्हणजे कायदा विकणाऱ्याला देणी चुकती करण्यापेक्षा मोठं घर घेण्याकडे ढकलतो. विक्रीच्या पैशाने आधी कर्ज संपवू असं मनात ठरवून निघालेला माणूस सल्लागाराकडून बाहेर पडतो तो सगळी रक्कम फ्लॅटमध्ये घालूनच, आणि 14 टक्क्यांचं कर्ज जागच्या जागी राहतं. कर वाचला खरा, पण कशाच्या बदल्यात, हे कुणीतरी त्याला आकड्यात दाखवायला हवं.

मुंबईचा दाखला हमखास दिला जातो. गिरगाव-दादरची मराठी माणसं डोंबिवलीला, बदलापूरला, विरारला गेली आणि तिथे उभी राहिली, मग बडोद्याने काय घोडं मारलंय? त्यांच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. पण त्यांच्या स्थलांतराचा कणा होता लोकल आणि तिचा सवलतीचा मासिक पास. डोंबिवलीहून शिवाजी टर्मिनसला जाणाऱ्याचा महिन्याचा खर्च आजही स्कूटरच्या पेट्रोलपेक्षा कितीतरी कमी पडतो. बडोद्यात उपनगरी रेल्वे नाही. सिटी बस आहे, पण कामाच्या वेळा सांभाळून घरातली गाडी विकावी इतकी ती भायली-बिलपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे मुंबईकराचा जो खर्च सरकार उचलतं तो बडोदेकराच्या खिशातून जातो. जगात इतरत्रही हाच धडा मिळालाय. शिकागोतल्या सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी या संस्थेने 2006 पासून घर आणि प्रवास यांचा खर्च एकत्र मोजायला सुरुवात केली, आणि दोन्ही मिळून उत्पन्नाच्या 45 टक्क्यांच्या आत असावेत ही कसोटी मांडली. स्वस्त म्हणून गणलेली कित्येक लांबची घरं या मापाने महाग निघाली. 2007-08 मध्ये पेट्रोल आणि हप्ते एकदम वाढले तेव्हा कॅलिफोर्नियात स्टॉकटनसारख्या, मोठ्या शहरांपासून दूरच्या भागांत घरं जप्त होण्याचं प्रमाण फार मोठं होतं. आपलं काल्पनिक कुटुंब त्या 45 टक्क्यांच्या बाहेरच आहे: गृहकर्जाचा हप्ता, मेंटेनन्स आणि दोन स्कूटरचं पेट्रोल एवढंच धरलं तरी पन्नास टक्के होतात, जुनं कर्ज वेगळं.

आता ज्या आक्षेपापुढे मी खरोखर थबकतो त्याबद्दल. पोळेतली घरं अंधारी आहेत, अरुंद आहेत, अग्निशमन दलाची गाडी आत शिरत नाही, गाडी लावायला जागा नाही. काही लाकडी घरं तर पावसाळ्यात धोक्याची होतात आणि महापालिका दरवर्षी जर्जर घरांना नोटिसा देते. नव्या सुनेला चार खोल्यांत स्वतःचं म्हणावं असं दार नसतं, हेही दुःख खरं आहे, आणि ते कुणी क्षुल्लक मानू नये. घर जीवघेणं झालं असेल तर बाहेर पडलंच पाहिजे. पण बाहेर पडणं आणि वीस वर्षांचं कर्ज घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली भाड्याने साधते. आणि बहुतेक घरांचा प्रश्न जीवघेणेपणाचा नसून दुर्लक्षाचा असतो: गळकं छप्पर, कुजलेली तुळई, एकच संडास. 1916 साली पॅट्रिक गेडिस यांनी बडोद्याच्या विकासाचा अहवाल लिहिला. जुनी वस्ती उठवण्यापेक्षा मोजकी, नेमकी दुरुस्ती करून ती राहती ठेवावी, ही त्यांची भारतभरच्या कामातली भूमिका होती. आजही दीड-दोन लाखांत छत, एक न्हाणीघर आणि एका जोडप्यापुरती वेगळी खोली होत असेल, तर सहा लाख उधारीने जमवून 25 लाखांचं कर्ज घेण्याआधी त्या दीड-दोन लाखांचा विचार घरात एकदा तरी व्हायला हवा. भावांशी वाटणीवरून बोलायचं नाही म्हणून पुष्कळ कुटुंबं बँकेशी बोलायला जातात. ती टाळाटाळ फार महाग पडते.

मोकळ्या हवेची किंमतही वाटते तेवढी कमी नाही. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी धोक्याची पातळी ओलांडून 35 फुटांच्याही वर गेली. समा, अकोटा, फतेहगंज, कलालीसारख्या भागांत तळमजल्यांत आणि पार्किंगमध्ये दिवसच्या दिवस पाणी होतं. सगळी उपनगरं बुडाली नाहीत. पण हप्त्यावर घेतलेली स्कूटर, हप्त्यावर घेतलेला फ्रिज आणि विमा नसलेलं फर्निचर ज्यांचं गेलं, त्यांचे त्या वस्तूंवरचे हप्ते पुढेही चालूच राहिले. ज्याच्याकडे सहा महिन्यांची शिल्लक नाही, त्याने नदीकाठच्या सखल भागातला स्वस्त फ्लॅट का स्वस्त आहे, ते आधी शोधावं.

उपनगरात जाऊच नये असं माझं म्हणणं नाही. ज्याची नोकरी मकरपुऱ्यात किंवा वाघोडियाच्या कारखान्यांत आहे, बायकोचं कामही त्याच बाजूला आहे, ज्याच्यावर दुसरं कर्ज नाही आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे, त्याला तिकडे जाऊन प्रवास आणि वेळ दोन्ही वाचतात. त्याने जावं. माझा विरोध कर्ज फेडण्याचा उपाय म्हणून उपनगर सुचवण्याला आहे.

शेवटी मुलांचं नाव पुढे केलं जातं, आणि तिथे वाद थांबतो, कारण मुलांसाठी करतो म्हटल्यावर पुढे बोलणं निर्दयपणाचं वाटतं. मला मात्र इथेच बोलणं गरजेचं वाटतं. वरच्या कुटुंबातला कर्ता 42 वर्षांचा असेल तर वीस वर्षांचं कर्ज तो 62 व्या वर्षापर्यंत फेडणार. गुजरात सरकारच्या नोकरीत निवृत्तीचं वय 58 आहे. खाजगी नोकरीत तेवढीही शाश्वती नसते. म्हणजे पगार थांबल्यावरचे 48 हप्ते उरतात, दर आहे तोच राहिला तरी सुमारे 10 लाख 40 हजार रुपये. ते ग्रॅच्युइटीतून आणि भविष्यनिर्वाह निधीतून जाणार, नाहीतर तिशी गाठलेल्या मुलाच्या पगारातून. तेव्हा त्या मुलाचं लग्न किंवा त्याचं स्वतःचं घर समोर असेल. मुलगा आज दहावी-बारावीत असेल तर एवढा हिशेब त्याला कळतो. बानाखतावर सही करण्याआधी हा कागद त्याच्यापुढे ठेवावा, आणि त्याला मोकळी हवा या किमतीला हवी आहे का, ते त्याच्या तोंडून ऐकावं.